मायचा उजवा डोळा

आमच्या घरात एकाच ओसरीवर बसणारी दोन माणसं माझ्यामार्फत बोलायची. एक माझी माय आणि दुसरे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. नात्यानं ते मायचे भासरे. भासऱ्यापुढं पदर नाकापर्यंत ओढायचा, त्यांच्याशी तोंडानं बोलायचं नाही, ते आले की भिंतीकडं वळून उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. भासऱ्यानंही धाकट्या भावजयीच्या तोंडाकडं बघायचं नाही. पण एका घरात, एका शेतात राबणाऱ्या माणसांचं बोलल्याशिवाय भागतं कसं? तर मधे एक पोर लागायचं. ते पोर मी.

"मोठेबाबाला विचार, बैलांना पेंड टाकली का."

मोठेबाबा दोन हातांवर बसलेले. ऐकू त्यांना बराबर गेलेलं असायचं. तरी मी त्यांच्यापुढं जाऊन तोच प्रश्न परत विचारेपर्यंत ते गप्प राहायचे आणि मग म्हणायचे, "सांग तुह्या मायला, टाकली."

मी मान वळवून सांगायची. मी शाळेतून घरी आले की दोघांचे निरोप साचलेले असायचे आणि दप्तर खाली ठेवण्याआधी मला ते उरकावे लागायचे. मला राग पटकन येतो. लोक म्हणतात हा स्वभाव बापाच्या आईवर गेला. मला विचाराल तर लहानपणी जी पोर दिवसभर इकडचं तिकडं करत उभी राहते, तिला राग न येऊन करील काय!

केदारखेड्याहून थोडं आत आमचं गाव. विहिरीवर भिजणारी थोडी जमीन होती आणि त्या जमिनीवर माय दरवर्षी कापसाच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायची. जालन्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून संकरित बी तयार करून घेतात. त्या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. उद्या फुलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं ती सोलायची, आतली बारीक पिवळी केसरं एकूण एक काढायची आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एक जरी केसर आत राहिलं तरी ते बोंड खोटं निघतं, आणि अशी खोटी बोंडं वाढली की अख्खा प्लॉट नापास होतो.

मायचा प्लॉट कधीच नापास झाला नाही. तिनं अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असायचं आणि हंगामात ती त्याला तेल लावायची. बायका सोलून पुढं गेल्या की ती मागून येऊन प्रत्येक कळीत डोळा घालायची. "ये बाई, हे बघ काय ठिवलंस," असं म्हणत नखाच्या टोकावर राहिलेलं केसर दाखवायची. ते बघायला आम्हाला डोळे बारीक करावे लागायचे, तिला चालता चालता दिसायचं. कंपनीची माणसं तपासायला यायची तेव्हा आमच्या बांधावर चहा पिऊन दुसऱ्याच्या प्लॉटकडं जायची. मला त्याचा तेव्हाही अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मोठेबाबांचं नाव वेगळ्या गोष्टीसाठी होतं. ते नागीण उतरवायचे. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, आग होते, माणूस रडकुंडीला येतो, त्या दुखण्याला आपल्याकडं नागीण म्हणतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाला वेढा घालून एकमेकांना भेटलं की माणूस संपला, अशी समजूत. मोठेबाबा गेरू उगाळून फोडांभोवती कुंपण घालायचे, कडुलिंबाचा डहाळा फिरवत मंत्र म्हणायचे आणि पथ्य सांगायचे. खपल्या पडेपर्यंत अंघोळ नाही, मीठ नाही आणि गावची शीव ओलांडायची नाही. शीव ओलांडली की नागीण खवळते. आजूबाजूच्या गावांतले लोक आले तर खपल्या पडेपर्यंत ते आमच्या गोठ्याजवळच मुक्काम करायचे. त्यांच्या हातून एकही नागीण पुरी झाली नाही, असं ते ताठ मानेनं सांगायचे, आणि ते खरंच होतं. पुढं मला डॉक्टरांकडून कळलं की हे फोड अंगाच्या मधल्या रेषेपाशीच थांबतात, त्यामुळं वेढा सहसा पुरा होतच नाही. मी ते मोठेबाबांना कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातचा गुण असा हिसकावून घ्यायचा नसतो.

आता त्या वर्षाचं सांगते. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनीचं ते. माझं लग्न होऊन मी परतूरला नांदत होते. मुलगी नुकती चालायला-बोलायला लागली होती आणि तिला घेऊन मी पंचमीला माहेरी आले होते. पंचमीला आपल्याकडं काही चिरायचं नाही, कापायचं नाही, जमिनीत काही खुपसायचं नाही. पण कळ्यांना पंचमी कळत नाही. त्या रोज येतात आणि आजची कळी उद्या हाताबाहेर जाते. बायका कामाला आल्या नाहीत तरी माय एकटी प्लॉटवर गेली आणि अंधार पडेपर्यंत कळ्या सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचं अर्धं कपाळ दुखायला लागलं. ती म्हणाली, ऊन लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी उजव्या भुवईच्या वर फोडांचा पट्टा उठला, केसांत शिरला आणि एक फोड थेट नाकाच्या शेंड्यावर आला.

मग काय, गावाला विषय मिळाला. "पंचमीला नखानं सोललं, नागोबा सोडीन का?" शेजारीण दारात उभी राहून मला ऐकवून गेली. मी म्हटलं, "नागोबाला राग आला असता तर त्यानं कंपनीच्या साहेबाला धरलं असतं." माय आतून ओरडली, "तोंड आवर!" पण तिला हसू आलेलं मला ऐकू आलं, आणि हसल्यामुळं कपाळ दुखलं तेही.

मोठेबाबांनी गेरू काढला. पण आता पेच आला. बाकीच्या रोग्यांना ते समोर बसवून, फोड बघून कुंपण घालायचे. धाकट्या भावजयीच्या कपाळाला हात लावायचा कसा, बघायचं तरी कसं? तेव्हा असं ठरलं की मोठेबाबांनी ओसरीच्या खांबाला टेकून तिच्याकडं पाठ करून मंत्र म्हणायचा आणि मोठीमायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आत बसून गेरू लावायचा. लावता लावता ती सांगत होती, "कपाळावर हाय. उजव्या अंगाला."

"कमरेला न्हाई ना?" मोठेबाबांनी पाठमोरंच विचारलं.

"न्हाई."

"मंग बिलकुल चिंता न्हाई. कपाळावर तोंड आन शेपूट भेटायला जागाच न्हाई."

घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझे वडील तर हात जोडून मोकळे झाले. दादा म्हणतील ते, हा त्यांचा धर्म होता, आणि माणूस इतका गरीब की त्यांच्यावर चिडायलाही मला जमायचं नाही. नाकावरच्या फोडाचं मोठीमायनं सांगितलंच नाही, कारण एवढ्याशा फोडाचं काय सांगायचं? आणि मोठेबाबांनी बघितलं नाही, कारण बघायचं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर माय अंगणाच्या उजेडात एक कळी सोलून हातात धरून बसली होती. डावा डोळा तळव्यानं झाकलेला. उजव्यानं ती त्या कळीकडं बघत होती. गेरूनं माखलेल्या कपाळाखाली तो डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं, पापणी अर्धी मिटलेली.

"काय बघून राह्यली?"

"केसर दिसून न्हाई राह्यलं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पोरी, ह्यात केसर हाय का?"

होती. पाच-सहा राहिली होती, मला सहज दिसत होती. मी "हायेत" म्हटलं तशी तिनं ती कळी मांडीवर ठेवली. तीन दिवसांच्या आगीनं ती एकदाही रडली नव्हती. आता तीच कळी परत उचलून ती नखानं एकेक केसर चाचपत होती. त्या क्षणी मला समजलं की दुखण्याला नाही, ह्याला ती घाबरली आहे.

मी ओसरीवर गेले. मोठेबाबा खांबाला टेकून लिंबाचा डहाळा हलवत होते.

"मोठेबाबा, मायला जालन्याला न्यावं लागतं. डोळ्याला दिसंना गेलं तिला."

"खपल्या पडल्या का?"

"न्हाई."

"मंग शीव कशी ओलांडनार? चार दिवस थांब म्हनावं. सूज आली आसंल. सूज उतरली की दिसंल."

आत माय पदर नाकापर्यंत ओढून दाराआड येऊन उभी राहिली होती. "सांग मोठेबाबाला, सुजीचं न्हाई हे. डोळ्याच्या आतच धुकं आल्यावानी झालं."

"सांग तुह्या मायला, आजवर कुनाचा डोळा गेला न्हाई माह्या हातानं."

"त्याईला सांग, आजवर कपाळावरची आलीच न्हवती."

"तिला म्हन—"

"मी कोनाला कायबी सांगत न्हाई!" मी ओरडले. कडेवरची मुलगी दचकून रडायला लागली. "एवढी वर्सं सांगितलं, आता न्हाई सांगत. ज्याला बोलायचं त्यानं बोला!"

वडील अंगणात वैरणीची पेंढी धरून तसेच उभे. मोठीमायनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता मोठेबाबा उठून मला दोन शब्द सुनावतील, आणि मीही गप्प बसणार नव्हते. पण तेवढ्यात माय दाराबाहेर आली. भिंतीकडं वळली नाही. चालत खांबाला वळसा घालून ती मोठेबाबांच्या समोर आली, कपाळाला लागू नये म्हणून पदराचा काठ दोन बोटांनी उचलला आणि तो पार मागं, खांद्यावर टाकला.

"भाऊजी," ती म्हणाली. "इकडं बघा."

माझ्या जन्माआधीपासून ती माणसं एका घरात होती. त्यांच्यातला हा पहिला शब्द. तिचा आवाज मोठा नव्हता, पण कापतही नव्हता. मला आजही ती तशीच उभी दिसते, गेरूनं माखलेली, केस विस्कटलेले, एक डोळा लाल आणि मान सरळ. माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली की मुलगी रडते आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नाही.

मोठेबाबांनी आधी खाली मान घातली. मग हळूहळू वर केली आणि बघितलं. नाकाच्या शेंड्यावरचा फोड बघितला, पापणी बघितली, डोळा बघितला. त्यांच्या हातातला डहाळा खाली पडला. ते हेकट होते, पण वाईट नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

"यष्टी कव्हाची हाय?" ते उठतच म्हणाले. "चला जल्दी. पोरीला घे. गेरू तसाच ऱ्हाऊ द्या, पुसायला टैम न्हाई."

"पण दादा, शीव..." वडील म्हणाले.

"शीव म्या बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितली. आमच्यापुढं झपाझप चालत ते शिवेवरच्या दगडापाशी गेले, नारळ फोडला आणि मायला हातानंच पुढं जायची खूण केली. आम्ही रस्त्यावर जाऊन एस.टी.त बसेपर्यंत ते तिथंच उभे होते.

राजूर आलं तसे मायनं गणपतीच्या दिशेनं हात जोडले आणि मला म्हणाली, "दिसून न्हाई राह्यलं देऊळ, पन इकडंच हाय ना?" मी हो म्हटलं.

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला डोळ्याचे एक डॉक्टर होते. तिथल्या बाईनं कापसानं कपाळ पुसलं आणि कापूस लालभडक झालेला बघून ती घाबरली. "रक्त न्हाई बाई, गेरू हाय," मायनंच तिला धीर दिला. डॉक्टरांनी यंत्रातून डोळा बघितला. ते तरुण होते, बोलायला मोकळे. त्या अनोळखी माणसापुढं माय उघड्या तोंडानं, उघड्या डोक्यानं बसली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. सकाळी जे जड होतं ते उचलून झालं होतं.

"मावशी, लहानपणी तुम्हाला कांजण्या आल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आल्त्या की. आमी तिघी बहिनी संगच पडलो. मायनं लिंबाचा पाला हातरला, उतरल्यावर देवीची ओटी भरली, दहीभाताचा निवद दावला आन देवीला शिवेबाहेर घालवून आल्तो."

"ती गेलीच नव्हती," डॉक्टर हसले. "पुरळ गेलं, पण कांजण्यांचा विषाणू तुमच्या नसांच्या मुळाशी जाऊन झोपला. इतकी वर्षं तिथंच होता. आता वय झालं, हंगामात अंग शिणलं, शरीराचा पहारा सैल पडला, तसा तो उठला आणि नसेच्या वाटेनं खाली आला. ही नस कपाळावर जाते, डोळ्यात जाते आणि नाकाच्या शेंड्यालाही जाते. म्हणून नाकावर फोड दिसला की आम्ही आधी डोळा बघतो."

"म्हंजे एक केसर आत ऱ्हायल्तं," माय म्हणाली.

डॉक्टर जालन्याचेच. त्यांना क्रॉसिंग समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "तसंच म्हणा. पण हे कुणाच्याच नखानं निघत नाही, सगळ्यांच्याच आत राहतं. बहुतेकांचं जन्मभर झोपून राहतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आलात ते बरं केलं. दोन-चार दिवसांनी आला असता तर गोळ्यांचा फार उपयोग झाला नसता. आता डोळा राहील असं वाटतं. नक्की आज सांगत नाही."

गोळ्या दिवसातून पाच वेळा घ्यायच्या होत्या. घरी घड्याळ नीट चालत नव्हतं. मायनं वेळा आपल्या पद्धतीनं बांधून घेतल्या. पहिली शेळ्या सोडताना, मग दुपारची एस.टी. गेल्यावर, शेवटची झोपताना. एकही चुकली नाही. मी महिनाभर राहिले आणि प्लॉटवर तिच्या जागी कळ्या तपासल्या. बायका मला हसायच्या, कारण मी चार कळ्या बघायची तेवढ्या वेळात माय अख्खी ओळ बघायची.

डॉक्टरांनी खपल्या पडेपर्यंत नातीला तिच्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. पण ती तर आधीच आजीच्या कुशीत झोपून उठली होती. यायचं ते आलं आणि त्याच महिन्यात मुलीला कांजण्या निघाल्या. हलक्याच होत्या. परतूरहून सासूबाईंचा निरोप आला, देवीचं नीट करा. मी मायला चिडवलं, "नातीला सोन्याच्या बांगड्या द्यायच्या सोडून हे दिलंस व्हय?" ती म्हणाली, "घरातलं हाय ते पोरीबाळीला जायचंच." मग मुलीच्या कपाळावरून हात फिरवत बसली. आजीची नागीण आणि नातीच्या कांजण्या एकच, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते मला खरं पटलं त्या दिवशी, दोघींना शेजारी बसलेलं बघून.

डोळा राहिला. बुबुळावर एका कडेला पांढुरका डाग पडला, पण दिसायला लागलं. पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा मायनं पहिलं काम तेच केलं. कळी सोलली, डावा डोळा झाकला आणि नखाच्या टोकानं राहिलेलं एक केसर अलगद उचलून लाल कागदावर ठेवलं. मला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं ते दाखवायला. मी बघितलं आणि रडले. ती म्हणाली, "रडतीस काय, मोज की. आजून कुठं ऱ्हायलंय का बघ."

दुखणं मात्र पुरतं गेलं नाही. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण कपाळाचा तो भाग जळत राहिला. वाऱ्याची झुळूक लागली तरी ती कळवळायची. आणि पदर? लुगड्याचा काठ कपाळाला टेकला की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. "सुंभ जळला, पीळ न्हाई गेला," ती म्हणायची. मग पदर खांद्यावरच राहायला लागला. शेतात खांद्यावर, ओसरीवर खांद्यावर, भासऱ्यापुढंही खांद्यावर. बायका कुजबुजल्या. एकीनं तर मोठेबाबांच्या कानावरच घातलं, की धाकली उघड्या डोक्यानं फिरते, तुमचा मान ठेवत नाही. मोठेबाबांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "ते पथ्य हाय. म्याच सांगितलं तिला. माह्या औषधात दखल देऊ नको." त्यानंतर कुणी बोललं नाही. पुढं कधीतरी कपाळाची आग कमी झाली, पण पदर काही परत खाली आला नाही, आणि मोठेबाबांनीही पथ्य सुटल्याचं कधी सांगितलं नाही.

डोळा मधूनमधून लाल व्हायचा. वर्षातून एकदा, कधी दोनदा. एकदा मी तिच्याबरोबर जालन्याला गेले तेव्हा ती डॉक्टरांवर रागावली. "सगळ्या गोळ्या खाल्ल्या. मंग आता हे काय?"

"आता विषाणू गप्प आहे, मावशी. पण त्याला मारायला धावलेलं तुमचं शरीर अजून थांबलेलं नाही. ही सूज तुमचं शरीरच करतंय."

"म्हंजे चोर गेला आन कुत्रं भुकून राह्यलं."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. आणि नुसतं डोळ्याचं नाही, कितीतरी जुन्या आजारांच्या मुळाशी ह्या दोनच गोष्टी असतात असं ते म्हणाले. एक तर काही विषाणू शरीरात घर करून राहतात, नाहीतर आतली सूज विझत नाही, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. एक प्रकारची कावीळ तशी असते, वरून उतरते आणि आतून यकृत पोखरते. बायकांच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही अशाच टिकून राहिलेल्या विषाणूनं होतो. हे ऐकून परत येताना मी एस.टी.तल्या माणसांकडं वेगळ्याच नजरेनं बघत होते. हा पोटावर हात धरून बसलेला, ती गुडघे चोळणारी म्हातारी, ह्यांच्या आत किती जुनं काय काय जागं असेल! माय शेजारी बसून थेंबांची बाटली पदरात बांधत होती. ती म्हणाली, "बघू नको अशी लोकांकडं. त्याईला वाटंल नजर लावून राह्यली."

मोठेबाबांकडं लोक येतच राहिले. पण आता ओसरीवरची बैठक बदलली होती. मोठेबाबा खांबाला टेकलेले आणि शेजारी जात्याच्या दगडावर माय. बाई आली तर तिला माय म्हणायची, "पदर काढ, तोंड दाव." पुरुष आला तर मोठेबाबा स्वतः उजेडात नेऊन निरखायचे. कमरेला, पाठीला असली तर गेरू लावायचे आणि वर दवाखान्यातही पाठवायचे. कपाळावर असली, नाकावर फोड असला, तर गेरू उगाळायचेच नाहीत. "आधी शीव ओलांड. जल्दी जालन्याला जाय," असं रोग्याला दामटायचे. ज्यांनी जन्मभर शीव राखली ते हे म्हणताना ऐकून मला फार बरं वाटायचं. दोघं एकमेकांशी सरळ बोलायचे, वाद घालायचे, पेंडीवरून, पाण्याच्या पाळीवरून. माझं निरोपाचं काम कायमचं गेलं.

शेवटचं सांगते आणि थांबते. ते दोन हजार सालानंतरचं. मोठीमाय वारली होती, वडील शेतात होते, आणि मी त्या दिवशी माहेरी येऊन आत स्वयंपाक करत होते. मायचा डोळा परत लाल झाला होता. थेंब टाकायला ती ओसरीवर मान वर करून बसली, पण नेम चुकत होता आणि थेंब गालावर पडत होते. मी पीठ भरलेले हात धुऊन उठणार तोच तिचा आवाज आला.

"भाऊजी, तुमी टाका."

मी दारातच थांबले. मोठेबाबा खांब सोडून काठी टेकत आले. खूप थकले होते. त्यांनी बाटली घेतली, दुसऱ्या हातानं तिची पापणी उचलली. ज्या माणसानं तिच्या तोंडाकडं बघणं पाप मानलं, तो तिच्या डोळ्यावर वाकून उभा होता.

"त्या दिवशी तू बोलली न्हसतीस," ते म्हणाले, "तं म्या आंधळी केली असती तुला."

माय तशीच वर बघत राहिली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी इकडं बघितलं असतं, तं मला बोलावं लागलं न्हसतं."

मोठेबाबा बाटली तशीच धरून थांबले. मला वाटलं आता ते ती खाली ठेवतील.

"आता बघूनच टाकून राह्यलो," ते म्हणाले. "हालू नको."